खल बोलू लागला

देविका फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि उद्याच्या प्रॅक्टिकलला एरंडेल तेल पाण्यात मिसळून औषध करायचं होतं. कॉलेजात ते दोनदा फाटलं होतं. तेल वर, पाणी खाली आणि तिचं तोंड एवढंसं. म्हणून दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये, तिनं आज आईचा दगडी खल पळवला होता.

तेलात डिंकाची पूड घोटून ती थेंब थेंब पाणी सोडू लागली, तशी आई म्हणाली, "अगं, कणीक भिजवतेयस की काय?"

देविकाचा हात थांबला. खरंच की! आईच्या हाताखाली ती तेच शिकली होती, पाणी बेताबेतानं. कॉलेजातल्या मॅडम मात्र ओरडून सांगायच्या, "पानी एक साथ डालो!"

तिनं तेल-डिंक नव्यानं घेतलं, मोजलेलं पाणी एकदम ओतलं आणि एकाच दिशेनं भराभरा घोटत राहिली. मनगट भरून आलं, तरी थांबली नाही. मग जात्याला ओवी सापडावी तसा खल बोलू लागला, चट चट चट! तेलाची पांढरीशुभ्र साय झाली.

"आई, जमलं गं! यार, उद्या पास!"

"तू पास," आई खल हुंगत म्हणाली, "पण यातली पहिली चटणी तूच खायची."