कागदावरची शंभर क्विंटल

“हरलो तर भर चौकात हळद लावून घेईन. नवरदेवासारखी. मुंडावळ्या बांधून,” संतराम म्हणाला आणि भीमसिंगच्या हॉटेलात बसलेल्या सगळ्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

“अन् म्या हरलो तर?” मी विचारलं.

“मंग तुला लावू. नवरदेव तेवढा बदलंल.”

“ह्या थोबाडाला कोण पोरगी देतं आता?” भीमसिंग भट्टीमागून ओरडला. “पहिलीच पस्तावून राहिली.”

पैज अशी होती: अक्षय तृतीयेपर्यंत हिंगोलीच्या मार्केटात चांगल्या हळदीचा भाव क्विंटलला सतरा हजारांच्या वर गेला तर संतराम जिंकला, नाही गेला तर मी. महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते आणि भाव होता पंधरा हजार शंभर. मला हळदीतलं काही कळत नाही. मी फक्त संतराम जे म्हणेल त्याच्या उलट म्हणतो. तीस वर्षं तेच करतोय, भिंतीला भिंत आहे आमची.

संतराम एका अडत्याकडं नोकरीला. अठ्ठावीस वर्षं झाली, काम एकच. शेतकऱ्यानं आणलेल्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, हात घालायचा, हळदीची एक कांडी काढायची, कडकन मोडायची, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि सांगायचं: ही डोंगरकड्याची, ही शिरड शहापूरची, ही नीट शिजली नाही, ही घाईनं वाळवली. चुकत नाही. त्याची नखं बारा महिने पिवळी असतात. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, निधन, सगळं छापतो. माणूस जिवंत असो की गेलेला, माझ्याकडं तो हसतानाच छापला जातो.

“सप्टेंबरात पाणी साचलं शेतात,” संतराम सगळ्यांना समजावत होता. “कंद सडले. म्या सवता डोंगरकड्यात जाऊन उकरून पाह्यलं, जिथं टोपलं भरायचं तिथं ओंजळ निघून राहिली. माल येणारच न्हाई यंदा. सतरा तर कुठंच न्हाई गेले.”

“एवढं कळतं तर अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्याच पोत्यात हात काहून घालून राहिलास?” मी म्हणालो. “लाव की सवताचे पैसे!”

हॉटेल हसलं. संतराम हसला नाही. चहा संपवला, कप विसळायच्या बादलीत ठेवला आणि गेला. मला काय माहीत, हा माणूस माझं बोलणं मनावर घेईल? तीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं.

आता मंजुळाबाईचं सांगायला हवं. संतरामची बायको. तिनं सात वर्षं लोकांचे पापड, शेवया, कुरडया करून दोन लाख चाळीस हजार साठवले होते. हळद-मिरचीच्या कांडपाची मोठी मशीन घ्यायची होती तिला, मोटरसकट. पाडवा झाला की मशीन येणार होती. पुढच्या खोलीत सिमेंटचा ओटा बांधून झाला होता, त्यात चार बोल्ट उभे रोवलेले. ‘मंजुळाबाई कांडप केंद्र’ अशी पाटी मीच छापून दिली होती, फुकट. पैसे तेवढे संतरामच्या खात्यावर होते, कारण मशीनवाल्याला त्याच्या खात्यावरून पाठवायचं ठरलं होतं.

पाडव्याच्या आधी आठ-दहा दिवस भाव उतरायला लागला. चौदा हजार आठशे, साडेचौदा, चौदा. मी तर उडायलाच लागलो. रात्रीतून एक फ्लेक्स छापला, सहा बाय चार. संतरामचा फोटो, डोक्याला मुंडावळ्या चिकटवलेल्या, आणि खाली: ‘चि. संतराम यांचा हळदी समारंभ. स्थळ: भीमसिंगचं हॉटेल. कृपया आहेर आणू नये, भाव आणावा.’ सकाळी त्याच्या दारासमोरच्या खांबाला बांधला. गल्ली हसून लोळली. धुरपताबाई, आमच्या गल्लीची ऐंशी वर्षांची आजी, काठी टेकत येऊन विचारून गेली, “जेवणात काय हाय रं?”

दुपारी बारा वाजता मंजुळाबाई दुकानात आली. हातात संतरामचा मोबाईल.

“भावजी, ह्यो समारंभ कशाचा?”

“पैज हाय वैनी. हळद उतरली ना.”

“उतरली तर उतरली. त्यायच्या काय बापाची हाय? मंग दोन दिस झाले, ह्ये जेवून काहून न्हाई राहिले?” तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला. “आन् ह्ये वाचा. सकाळपासून घुमून राहिलाय. इंग्रजी हाय.”

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. प्रिंटर चालू होता, तो बंद केला. गंमत गेली माझी सगळी.

“काय लिव्हलंय?”

“संत्याला बोलवा, वैनी.”

संतराम मार्केटातून जेवायला म्हणून घरी आला तो तसाच ओट्यावर बसला, बोल्टांच्या मधे.

“शंभर क्विंटल हळद घेतलीय म्या,” तो म्हणाला. “पंधरा हजार शंभरनं.”

मंजुळाबाईनं खोलीत चारी बाजूंनी बघितलं. “कुठं हाय?”

“हाय. नावावर हाय.”

“कोणत्या खोलीत?”

“खोलीत नसते ती. वायदा म्हणतेत त्याला. नांदेडच्या माणसानं मोबाईलवर करून देलं. सगळे पैसे भरावं लागत न्हाईत, थोडे भरायचे. आपले होते तेवढे भरले.”

‘आपले’ म्हणाला तो. मंजुळाबाईनं ओट्यातल्या बोल्टांकडं बघितलं. मीच बोललो, कारण मला राहवेना.

“अरे येड्या, भाव अकराशेनं पडला! शंभर क्विंटलला किती झाले? एक लाख धा हजार गेले तुहे!”

“गेले कसे?” संतराम माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला. हीच तर त्याची चीड आणणारी गोष्ट. “म्या इकली कुठं? हळद हाय ती, प्रेमा, टमाटे न्हाईत. दोन साल ठिव, तीन साल ठिव, काय होत न्हाई. भाव उतरला तर थांबायचं. सगळा जिल्हा असाच थांबतो.”

खरं होतं ते. आमच्याकडं घराघरात हळदीचे कट्टे थप्पी लावून असतात, भाव येईपर्यंत. लोक त्यावर अंथरूण टाकून झोपतात. थांबणं हाच इथला धंदा. अठ्ठावीस वर्षं त्यानं थांबलेलीच हळद फोडून बघितली होती.

“ही थांबत न्हाई रे बाबा,” मी कपाळाला हात लावला. “रोज सांजच्याला जेवढा भाव पडला तेवढे पैसे तुह्या खात्यातून कापतेत.”

“रोज?”

“रोज.”

“न इकता?”

“न इकता! आन् खात्यात कमी पडले की वरून मागतेत. आज तीन वाजेपर्यंत साठ हजार मागितलेत. न्हाई भरले तर तेच इकून टाकतेत.”

“माही हळद? मला न इचारता?”

मी त्याला शिवी दिली. मंजुळाबाईसमोर, पहिल्यांदाच. मग मेसेजमधला नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. एका पोरीनं उचलला, आवाज गोड, पुण्या-मुंबईकडचा.

“सर, तुमच्या अकाउंटला मार्जिन शॉर्ट आहे. तीन वाजेपर्यंत—”

“मॅडम,” संतराम फोनजवळ वाकला, “तुमी हळद पाह्यली का यंदाची?”

“सर, मी मार्जिन डेस्कवरून बोलतेय.”

“कंद सडलेत मॅडम. म्या डोळ्यानं पाह्यलं. भाव सतरावर जाईल, लिहून घ्या.”

“सर, तीन वाजेपर्यंत साठ हजार.”

“मंग भाव कोन पाडून राहिलं?”

“सर, बाहेरची मागणी थांबलीय. जहाजं अडकलीत, डॉलर वर गेलाय. मोठे फंड बाहेर पडतायत.”

“त्या फंडाकडं हळद हाय का?”

“नाही सर.”

“मंग इकून काय राहिलेत ते?”

मग ती पोरगी म्हणाली, “सर, तीन वाजेपर्यंत,” आणि तिचाही आवाज जरा दमलेला वाटला मला.

माझ्या गल्ल्यात वीस हजार होते. मी म्हणालो, मी देतो, बाकीचे भीमसिंगला मागू. संतरामनं मान वर केली. त्याच्या तोंडावर असं काही होतं की मला वाटलं, बास, एवढे भरले की उद्या सतरा होणारच.

“एक रुपाया न्हाई भरायचा,” मंजुळाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “आज साठ मागितले, उद्या सत्तर मागतील. भावजी, तुमचे पैसे तुमच्या लेकरायचे हायत.”

“मंजुळे, भाव येनार हाय. म्या सांगतो ना.”

“येऊ द्या. तुमी खोटं बोलून राहिले आसं न्हाई म्हणत म्या.” ती उठली आणि चुलीकडं गेली. “जेवून घ्या.”

तो जेवला नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून मोबाईलकडं बघत राहिलो, दवाखान्यात बसावं तसं. दोन वाजता भाव अजून चारशेनं खाली आला. तीन वाजून चार मिनिटांनी मेसेज आला. सगळं विकून टाकलं होतं. दोन लाख चाळीस हजारांतले नव्वद हजारही पुरे उरले नाहीत, वरून कसलेकसले चार्ज कापले. नव्वदमध्ये मशीनची मोटरच आली असती, फार तर.

संध्याकाळी मी फ्लेक्स काढायला गेलो तर संतराम म्हणाला, “राहू दे. पैज अजून संपली न्हाई.”

“खड्ड्यात गेली तुही पैज!” मी फ्लेक्स ओरबाडून काढला. तीनशे रुपयांचं मटेरियल होतं, काखेत मारून घरी आणलं.

त्यानंतर जे झालं त्यानं माझं डोकंच फिरलं. बारा दिवसांत भाव वळला. कुठली जहाजं कुठून सुटली देव जाणे. मार्केटात माल येईना. शेतकरी सांगायला लागले, सडली, निघालीच नाही. साडेचौदा. पंधरा. सोळा. आणि हे सांगायचा कोण, तर संतराम. त्याचंच काम ते. रोज तो ढिगाऱ्यातून कांडी काढायचा, कडकन मोडायचा, वास घ्यायचा, आणि व्यापारी त्याच्या तोंडाकडं बघून बोली वाढवायचे. घरी मंजुळाबाई त्याला वाढायची, पण बोलायची नाही. पुढच्या खोलीतल्या ओट्यावर पाण्याच्या घागरी येऊन बसल्या.

मी त्याच्यावर रोज चिडायचो. “अरे ओरड की! शिव्या दे! त्या पोरीला फोन लावून सांग!”

“तिला काय सांगू? ती मार्जिनवर असते,” तो म्हणायचा.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी भाव सतरा हजार दोनशेला सुटला. भीमसिंग हॉटेलात खडू घेऊन भिंतीवर हिशोब मांडायला लागला, “शंभर क्विंटल, एकवीसशेनं...” मी त्याच्या हातातून खडू घेतला आणि भट्टीत टाकला.

मला वाटलं आता कोण पैज काढतंय. पण सणाच्या सकाळी आठलाच दार वाजलं. संतराम. स्वच्छ धुतलेला सदरा.

“चल. गल्ली जमली.”

“कशाला रे? जाऊ दे ना.”

“पैज म्हंजे पैज. तू हरलास.”

चौकात भीमसिंगनं पाट मांडला होता. मी बनियन आणि लुंगीवर जाऊन बसलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं मोबाईल धरून उभी. धुरपताबाईनं माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या आणि इतक्या आवळल्या की भुवया वर गेल्या. भीमसिंगनं किराणा दुकानातून हळदीचं पाकीट आणलं होतं. संतरामनं ते फोडलं, चिमूटभर तळहातावर घेतली, नाकाशी नेली आणि पाकीट बाजूला ठेवलं.

“ह्यात पीठ हाय.”

“अरे यार, ह्याला काय खरोखर लग्न लावायचंय का?” भीमसिंग करवादला.

“न्हाई. हळद लावायची हाय.”

तेवढ्यात मंजुळाबाई घरातून आली. हातात वाटी. कोपरापर्यंत हात पिवळे, कपाळावर घाम. पाट्यावर वरवंट्यानं हळद वाटून आणली होती तिनं. ओली, जाडसर, हातानं वाटली की राहते तशी. चौकात वास सुटला. तिनं वाटी संतरामसमोर धरली आणि महिनाभरानंतर पहिलं वाक्य बोलली.

“पुरंल का बघा.”

“पुरंल,” तो म्हणाला.

तो माझ्या समोर उकिडवा बसला आणि त्यानं माझा पाय ओढला. मी पाय मागं घेतला. “पायाला न्हाई रे, संत्या. तोंडाला लाव आन् सोड.”

“नीट बस. खालून वर लावतेत.”

पाय झाले, गुडघे झाले, खांदे झाले. लोक आधी हसत होते, मग हसण्यातला जोर कमी होत गेला. कुणीतरी मोबाईल खाली घेतला. एवढ्यात रस्त्यावरून कट्टे लादलेला टेम्पो आला आणि गर्दी बघून थांबला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं संतरामला ओळखलं.

“राम राम! काल कितीनं सुटली म्हणं?”

“सतरा हजार दोनशे,” संतराम मान वर न करता म्हणाला.

“दोन सालाची ठिवलेली हाय. उद्या लावतो बोलीला. थांबलो ते बरं केलं बगा.”

“व्हय. बरं केलं.”

टेम्पो गेला. संतरामनं वाटी पुसून शेवटची हळद बोटांवर घेतली, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. डावा गाल कोरा राहिला होता. तो त्यानं कानापर्यंत नीट भरला.