सभ्य चेहरा

आमच्या दादाच्या स्टुडिओतून आजवर एकही माणूस कुरूप होऊन बाहेर पडलेला नाही. कुणाच्या पुटकुळ्या, कुणाची दुसरी हनुवटी, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दादा कंप्युटरसमोर बसला की सगळं साफ. एकदा एक नवरदेव भांडायला आला होता, की फोटोतली मुलगी वेगळी होती आणि लग्नात उभी राहिली ती वेगळीच. दादा मान वर न करता म्हणाला, "आम्ही फोटो देतो, मुलगी नाही देत." मग पुढचं सगळं भांडण मी भांडले. काउंटरवर मी बसते, आणि तोंड चालवायचं काम घरात पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

आमच्या धाकट्या भावाला पोलिसांनी त्याच्या सलूनमधून उचललं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खुर्चीत तसंच राहिलं. गुन्हा काय, विचारलं. संशय आहे म्हणे. कसला? ते सांगता येत नाही म्हणे. सोडणार कधी? तेही सांगता येत नाही. कायदाच तसा आहे, गुन्हा दाखल न करता हवे तितके दिवस आत ठेवा, कोण विचारतंय! अहो, चोराला शिक्षा होते, पण शिक्षेला निदान शेवट असतो. इथे शिक्षाच नाही, मग शेवट कुठून येणार? त्यात कहर म्हणजे आम्ही त्यांच्या कचेरीत चौकशीला गेलो की खिडकीतला साहेब यादीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "असा माणूस आमच्याकडे नाही."

म्हणून दर आठवड्याला आम्ही त्या कचेरीसमोरच्या फुटपाथवर फोटो घेऊन उभे राहतो. आमच्यासारखी बरीच घरं आहेत. पुढे असतात मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी हजेरी घ्यायची सवय गेलेली नाही. त्यांचा पुतण्या आत आहे. धाकट्याचा फोटो मोठा करायचं ठरलं तेव्हा ते स्वतः स्टुडिओत आले.

"फोटो जरा सभ्य दिसू दे," ते दादाला म्हणाले. "लोक चेहरा बघून ठरवतात. जरा रागीट माणूस दिसला की म्हणतात, केलं असेल यानं काहीतरी."

दादाला एवढंच पुरलं. लहानपणी सायकलवरून पडून धाकट्याची उजवी भुवई मधोमध फुटली होती, तिथे केसच आले नाहीत. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. दादानं भुवई जुळवली, दात ओळीत बसवला, गाल भरले, कपाळावरची आठी पुसली. इतक्या मायेनं काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अधूनमधून डोळे पुसत होता बिचारा. मी मागे उभी राहून म्हटलं, "वा! हा तर बँकेत साहेब शोभेल." आईनं फोटोवरून हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तोच फोटो आमच्या वकीलबाईंनी कोर्टात अर्जाला लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तो आत आहे हे आधी सिद्ध करू. एकदा ते सिद्ध झालं की कचेरीला त्याला न्यायाधीशांसमोर उभं करावंच लागेल. त्यासाठी आत त्याला पाहिलेला एक माणूस हवा. तो माणूसही त्यांनी शोधला. एक सुतार होता. जसा कारण न सांगता नेला तसाच कारण न सांगता सोडला. आत कुणी कुणाला खरं नाव सांगत नाही, त्यामुळे ओळख पटवायची ती चेहऱ्यावरूनच. आणि बाईंनी आम्हाला बजावलं होतं, त्याला आधी भेटायचं नाही, नाहीतर पढवून आणलाय म्हणतील.

कोर्टात न्यायाधीशांनी फोटो सुताराच्या हातात दिला. त्यानं तो नीट पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. भला माणूस, घाई केली नाही.

"नाही साहेब," तो म्हणाला. "हा तिथे नव्हता."

लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं, सुतारानं सही केली.

बाहेर आलो तर सुतार आईसमोर हात जोडून उभा. "मावशी, माफ करा. खोटं कसं बोलू? माझ्या खोलीत सगळे तपासून बघितले मनात. एक होता केस कापणारा, भुवई फुटलेली, दातावर दात. सारखा हसवायचा आम्हाला. पण तुमच्या मुलासारखा देखणा कुणीच नव्हता हो."

आई मटकन खाली बसली. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला इतका राग आला होता, की त्याच्या पाठीवर दोन धपाटे घालावेसे वाटले, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. शेवटी आमच्याबरोबर आलेल्या मास्तरांवर मी ओरडले. "घ्या तुमचा सभ्य चेहरा!"

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, जबाब सहीचा आहे, आता सुतारानं पुन्हा येऊन खऱ्या फोटोवरून ओळख पटवली तरच काही होईल. पुढची तारीख त्यांनी मागून घेतली.

आई आणि मी सुताराच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं, तेही अर्धंच. "आत्ता कुठे झोप लागायला लागलीय त्यांना," ती म्हणाली. "पुन्हा यात ओढू नका, पाया पडते." तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर दार उघडलंच नसतं. पण आई तिथेच उंबऱ्यावर बसली. आतून सुतार आला, आईला बघितलं, आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "मला ताप भरला होता तेव्हा त्यानं स्वतःचं पांघरूण मला दिलं. येतो मी, मावशी."

तारखेला आम्ही कोर्टाच्या दारात सकाळपासून उभे. दादाच्या हातात धाकट्याचा मूळ, न सुधारलेला फोटो. पुकारा झाला, सुतार नाही. बाई वेळ मागत राहिल्या. दुपारी न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार हजर नाही, आधीचा जबाब कायम, अर्ज फेटाळला. संपलं. मी सुताराला मनातल्या मनात भित्रा, पळपुटा, काय काय म्हटलं. माझी जीभच झडो.

दोन-तीन दिवसांनी त्याची बायको स्टुडिओत आली. आई बाकावर बसली होती. बायको काउंटरपाशी आली आणि पिशवीतून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. सुताराचा.

"तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले," ती म्हणाली. "चौकात गाडी थांबली. पानवाल्यानं बघितलं. कचेरीत गेले तर म्हणतात, असा माणूस आमच्याकडे नाही."

दादा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. तेवढ्यात आई लगबगीनं उठून तिच्याजवळ गेली, तिचा हात धरला आणि विचारलं, "माझ्या मुलाबद्दल काही बोलले का गं ते? जेवतो का तो?"

"आई!" मी ओरडले. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईला माझं ऐकूच गेलं नाही. ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती.

बाईनं हात सोडवून घेतला नाही. "जेवतो म्हणाले," ती म्हणाली. "बारीक झालाय, पण जेवतो. खोकला होता, तो बरा झाला."

"बरा झाला ना?" आई म्हणाली. "बरं झालं, बरं झालं."

"तुमचा मुलगा आत आहे हे सांगायला माझा नवरा बाहेर होता," बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता माझा नवरा आत आहे हे सांगायला कोण आहे बाहेर?"

आईनं तिचा हात सोडला. दादानं फोटो उचलला आणि केवढा मोठा हवा ते विचारलं. ती म्हणाली, तुमच्याएवढाच. आई बाकावर सरकली, तिला जागा करून दिली. काम होईपर्यंत ती उभीच राहिली.