हमदुल्लाच्या खोऱ्यासाठी घडवलेला भोंगा

मित्रांनो, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गोदामात, जुन्या पाइपांच्या मागे, गेली काही वर्षे मी पडून आहे. मी एक हाताचा भोंगा आहे. माझा दांडा जोरात फिरवला की आतला पंखा गरगरतो आणि मी ओरडू लागतो. मला वीज लागत नाही, कारण जिथे मला जायचे होते तिथे वीज नव्हतीच.

१९९८ साली गोदामाला लागूनच असलेल्या कारखान्यात दगडू आणि हमदुल्ला या दोघांनी मला घडवले. दगडू संगमेश्वरकडचा फिटर. हमदुल्ला वेल्डर, दूर उत्तरेतल्या एका डोंगराळ देशातला. एकाने माझी दातेरी चाके बसवली, दुसऱ्याने माझे पत्रे सांधले. माझ्यासारखे आणखी अकरा भोंगे त्यांनी केले.

आमची मागणी नोंदवली होती शैलेंद्र साहेबांनी. ते पुण्याचे इंजिनियर, दुबईच्या देरा भागातल्या एका सल्लागार कंपनीत होते. हमदुल्लाच्याच देशाच्या सरकारसाठी त्यांची कंपनी एक मोठा आराखडा तयार करत होती. हवा तापत चालली आहे, हिमनद्या वितळत आहेत, त्यांच्या पायथ्याची तळी फुगत आहेत. तेव्हा देशाने पुढे काय काय करायचे, हे त्यात लिहायचे होते. त्यातले पहिले काम आमचे. तळे फुटले की वरच्या गावाने भोंगा वाजवायचा आणि खालच्या गावांनी डोंगर चढायचा.

साहेबांनी कारखान्यात नकाशा पसरला, तेव्हा ते खोरे हमदुल्लाचेच निघाले. त्याने आपले काळे बोट नदीच्या एका वळणावर ठेवले.

"साब, एक भोंगा इथे, पाणचक्कीपाशी पाहिजे. दुपारी वारा खालून वर वाहतो. वरचा आवाज पाणचक्कीपर्यंत पोचतो, पुढे आमच्या शेतात येतच नाही."

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," असे म्हणून साहेबांनी तिथे लाल खूण केली. त्या शेतात हमदुल्लाची बायको जुलेखा आणि मुलगी खतीजा राबत असत.

पुढच्या वर्षी मला घासूनपुसून दुबईतल्या एका हॉटेलात नेले. तिथे परिषद होती. पाहुण्यांनी माझा दांडा फिरवला, कानांवर हात ठेवून हसले, टाळ्या वाजवल्या, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. खरे सांगतो, मी हुरळून गेलो. वाटले, आता आठवड्याभरात डोंगर दिसणार. पण मी परत गोदामात आलो.

आराखड्याचा दुसरा मसुदा झाला, मग तिसरा. कोणते काम आधी, हे ठरवायला समिती बसली. समितीने आणखी एक अभ्यास मागवला. पहिल्या क्रमांकावरून आम्ही नवव्यावर घसरलो. शैलेंद्र साहेब अधूनमधून येत आणि आम्हाला मोजून जात. हमदुल्ला वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून विचारी, "साब, कधी?"

"अप्रूव्हल आलं की लगेच. इन्शाल्ला."

२००१ साली हमदुल्ला सुट्टीवर निघाला. त्याने मला एका घोंगडीत गुंडाळले, वरून दोरी आवळली आणि साहेबांची वाट पाहत बसला.

"साब, हा एकच नेतो. पाणचक्कीपाशी मीच बसवतो."

"हमदुल्ला, हे प्रोजेक्टचं सामान आहे. इन्स्टॉलेशन फेज थ्रीमध्ये आहे."

दगडूला राहवले नाही. "साहेब, अकरा उरतायत की मागे. पाणी काय फेज बघून येणार आहे?"

साहेबांचा चेहरा उतरला. "मला कळत नाही का, दगडू? पण एक भोंगा कमी दिसला तर सगळंच अडकेल. मग बाकीच्या गावांचं काय?"

ते दुष्ट नव्हते. म्हणूनच मला त्यांचा अधिक राग येतो. हमदुल्लाने स्वतःच दोरी सोडली, घोंगडी झटकून घडी घातली आणि रिकाम्या हातांनी घरी गेला.

तो परत आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तळे फुटले. भर दुपारी. वरच्या गावातले लोक ओरडले, डबे बडवले. पण वारा खालून वर वाहत होता. खतीजा शेळ्या घेऊन उतारावर गेली होती, म्हणून वाचली. तिला खाली शेतात वाकलेली आई दिसत होती. तिने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. जुलेखाने मान वर केलीच नाही.

कारखान्यात फोन आला. हमदुल्ला तडक गोदामात आला, माझ्यासमोर बसला आणि दांडा फिरवू लागला. कारखान्यातली यंत्रे एकेक करून थांबली. शेजारच्या गॅरेजांतली माणसे रस्त्यावर धावत आली. "आग कुठे लागली?" ती विचारत होती. त्याचे हात गळून पडेपर्यंत मी ओरडत राहिलो. सगळ्या गल्लीला मी ऐकू गेलो.

२००३ साली आराखडा छापून झाला. साहेब एक प्रत घेऊन आले. गुळगुळीत कागदावर माझा हॉटेलातला फोटो होता.

"खाली काय लिहिलंय?" दगडूने विचारले.

साहेबांनी हळू आवाजात वाचले, "पूर-इशारा यंत्रणा. प्रात्यक्षिक यशस्वी. काम पूर्ण."

मग साहेबांनी खिशातून पेन काढले. "हमदुल्ला, हा भोंगा तू घेऊन जा. मी सही करतो. बघू काय होतं ते."

"खलास, साब," हमदुल्ला म्हणाला. "तळं रिकामं झालं. पाणचक्की गेली, शेत गेलं. आता हा कुणाला हाक मारणार?"

त्याच आठवड्यात तो खतीजाकडे निघून गेला आणि पुन्हा आला नाही. बाकीचे अकरा भोंगे भंगारात गेले. मला दगडूने पाइपांमागे लपवून ठेवले आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या साहेब होईल, मोठे मोठे आराखडे लिहील. जरूर लिहा. पण नकाशावर बोट ठेवून जो माणूस तुम्हाला 'इथे' म्हणून सांगेल, त्याच्या हातात वस्तू आधी द्या. सही मागाहूनही करता येते.