फळ्यांचं टेबल

साहेब, तुम्ही खोटं बोललात. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून, हातात थंड पाण्याची बाटली धरून, सगळ्या दुकानदारांसमोर धडधडीत खोटं बोललात. "रस्ता तेवढा रुंद होऊ द्या, येत्या दिवाळीची पूजा नव्या गाळ्यांत करा," असं म्हणालात. दिवाळ्या आल्या आणि गेल्या. रस्ता रुंद झाला, त्यावर आता गाड्या उभ्या राहतात. गाळ्यांच्या नावाने नुसते खांब उभे आहेत आणि त्या खांबांना तुमच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बांधतात. तुम्हाला वाटलं, लोक विसरले. धुळ्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर काय झालं ते ऐका, मग बघा कोण विसरलं.

त्या गल्लीत कन्हैयालालजींचं कापडाचं दुकान होतं. लुगडी, धोतरं, उपरणी, टोप्या, मांजरपाट. दुकानाला शटर नव्हतं. सागाच्या उभ्या फळ्या होत्या, माणसापेक्षा उंच. वरच्या तुळईच्या आणि खालच्या उंबऱ्याच्या खाचेत एकेक सरकवत न्यायची, शेवटच्या फळीवर आडवी पट्टी, पट्टीला कुलूप. प्रत्येक फळीवर लाल रंगात आकडा. सकाळी पहिली फळी काढली की कन्हैयालालजी तिला डोकं टेकवायचे. तुमचा जेसीबी दुकानं पाडायला आला तेव्हा मुलगा अर्पित कापडाचे गठ्ठे वाचवत होता आणि हा माणूस फळ्या मोजत उभा होता. हातगाडीवर घालून त्या घरी आणल्या, गॅलरीत ताडपत्रीखाली ठेवल्या. अधूनमधून ताडपत्री उघडून ते त्यांना तेल चोळत.

सून जिनल ते बघायची आणि तिचं काळीज हलायचं. बिचारे पप्पाजी, किती जीव त्या आठवणीत!

जिनलला जुन्या वस्तूंचं वेड. माहेर जळगावचं. माहेरी गेली की जुन्या बाजारातून काहीतरी उचलून आणणारच. सोनगीरचा पितळी हंडा तिने उलटा टांगला, आत बल्ब सोडला, हॉलभर सोनेरी उजेड. चहाच्या लाकडी पेट्या घासून त्यांचं पुस्तकांचं कपाट केलं. कंदिलात मनीप्लांट. सगळं स्वतःच्या हाताने. सुताराला घरात पाय ठेवू द्यायची नाही.

"हे घर आहे की भंगारवाल्याचं गोदाम?" अर्पित चिडवायचा.

"भंगारवाला विकतो. मी विकत नाही."

सासूबाई, प्रेमकुंवर, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "आम्ही जन्म घालवून जे घराबाहेर काढलं, ते तू रिक्षात बसवून परत आणतेस. धन्य आहे बाई!" पण दुपारी शेजारणी आल्या की त्याच हंड्याचा दिवा लावून दाखवायच्या.

वैशाखात सासू-सासरे पिंपळनेरला लग्नाला गेले आणि जिनलने ठरवलं, पप्पाजींना चकित करायचं. फळ्या ताडपत्रीखाली किती दिवस सडवायच्या? तिने त्या हॉलमध्ये घेतल्या, पॉलिशपेपरने घासल्या. आकडे मात्र जपले, त्यांच्या कडेने हलक्या हाताने घासत गेली. जुनेपणा तर दिसला पाहिजे ना! फळ्या हॉलच्या मानाने लांब होत होत्या, म्हणून प्रत्येकीचा हातभर तुकडा कटरने उडवला. खाली शिलाई मशीनचे बिडाचे पाय जोडले, वरून वार्निश मारलं. टेबल असं झालं की अर्पितसुद्धा चिडवायचं विसरला. उरलेल्या तुकड्यांची तिने किल्ल्या अडकवायची पट्टी केली आणि कपाखाली ठेवायच्या चकत्या.

कन्हैयालालजी आले. चपला काढल्या, टेबल पाहिलं आणि तिथेच थांबले. मग जवळ येऊन त्यांनी लाकडावर हात ठेवला. हात फळीवरून सरकत सरकत टोकापर्यंत गेला, टोकाच्याही पुढे गेला आणि हवेत राहिला.

"बाकीची कुठंय?"

"काय बाकीचं, पप्पाजी?"

"फळी."

जिनलने हौसेने ती पट्टी दाखवली. चकत्या आणून दिल्या. त्यांनी एक चकती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली. "छान केलंय, बेटा," म्हणाले आणि आत गेले. रात्री सगळे टेबलाशी बसले, हे ताट घेऊन खाली जमिनीवर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जिनल आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

"अगं, त्या फळीला ते डोकं टेकवायचे," प्रेमकुंवर तिच्यामागे येऊन हळूच म्हणाल्या. "तिच्यावर उष्टं ताट कसं ठेवतील?"

हे आपल्याला कसं सुचलं नाही! दुकानदाराच्या घरची सून आणि लक्ष्मीवर ताटं मांडते! ती तशीच सासऱ्यांकडे गेली. "पप्पाजी, चुकले मी. टेबल मोडते. फळ्या भिंतीला लावते, मधोमध. तुम्ही रोज सकाळी..."

"बेटा, डोकं काय, मी कुठंही टेकवीन." ते गॅलरीतल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "पण नव्या गाळ्याला काय लावू?"

जिनलला आता कळलं. म्हणजे ते तेल आठवणींना नव्हतं चोळलं. दुकानाचं दार तयार ठेवत होता हा माणूस!

"नव्या गाळ्यांना शटर असतात हो, पप्पाजी," ती म्हणाली.

"असतात. ते खडखड वर गेलं की दुकान एकदम उघडं पडतं. फळ्यांचं तसं नाही. पहिली फळी काढली की तेवढ्या फटीतून कुणीतरी बाई डोकं घालायची. शेठ, दिवसाची पहिली विक्री, भोनी, माझ्या हातची करा. मी म्हणायचो, बाई, दुसरी फळी तर काढू दे! ती म्हणायची, तुम्ही काढा फळ्या, मी काढते लुगडं. आणि अर्ध्या अंधारात हाताने कापड चाचपून बरोबर लुगडं ओढायची. दोन फळ्या आम्ही बाहेर ओट्यावर आडव्या टाकायचो. त्यांच्यावर ठाण उलगडलं की गल्लीतून जाणारा माणूस थांबायचाच. नव्या कापडाचा वास त्याला पुढे जाऊ देत नसे." ते हसले. "हातभर, नाही का? हातभर कमी झाल्या."

जिनल रडली नाही. रडायचाही हक्क नाही असं तिला वाटलं.

दोन-चार दिवसांनी भर उन्हात बेल वाजली. दारात रुपचंद नाना, सोनगीरचे शेतकरी, दुकानाचं पिढीजात गिऱ्हाईक. सगळी गल्ली पालथी घालून, घर विचारत, तीन जिने चढून धापा टाकत होते.

"शेठ, तुम्हनं दुकान कथं गयं? बठ्ठी गल्ली फिरनू!"

नातीचं लग्न होतं, लुगडी हवी होती आणि नाना दुसऱ्या दुकानात जाणार नव्हते. कन्हैयालालजींनी पलंगाखालचा गठ्ठा ओढला. इकडेतिकडे पाहिलं. मग टेबलावरचं मिठाचं भांडं, पाण्याचा जग, सगळं जिनलच्या हातात दिलं आणि फळ्यांवर सर्रकन लुगडं उलगडलं. हिरव्या काठाचं. हंड्याच्या उजेडात काठ चमकला. प्रेमकुंवर दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराने तोंड झाकून हसत. कन्हैयालालजींचा आवाज चढला, पाठ सरळ झाली. हात असे चालले की जिनलने या माणसाला पहिल्यांदाच पाहिलं म्हणा ना!

नानांनी काठ चाचपता चाचपता खालचं लाकूड चाचपलं. आकडे ओळखले. "शेठ, ह्या फळ्या बुटक्या कश्या व्हयन्यात?"



कन्हैयालालजींनी जिनलकडे पाहिलं नाही. लुगड्याची घडी घालत म्हणाले, "आते बुटका गाळा बी चाली, नाना!"

नाना खो खो हसले. कन्हैयालालजीही हसले. जिनल जग घेऊन आत गेली आणि नळ सोडून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. बाहेर दुसरं लुगडं उलगडल्याचा आवाज आला.

तर साहेब, त्यांनी आपली मागणी हातभर कमी केली आहे. बुटका चालेल, अरुंद चालेल, कोपऱ्यातला चालेल. पण गाळा कधी देता? फ्लेक्सवर हात जोडून हसू नका. तारीख सांगा.