वरून पांढरा

मी टप बोलतोय. गाडीचा टप. ज्या गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, मोरी आहे आणि चार माणसांना पाय दुमडून बसता येईल असं टेबल आहे, त्या फिरत्या घराच्या डोक्यावर मी असतो. माणसं अशा गाडीची चाकं बघतात, इंजिन बघतात, गाद्या दाबून बघतात. मान वर करून माझ्याकडे कुणी बघत नाही. बघतात ते थेट डोक्यावर थेंब पडल्यावर.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. खाली प्लायवूड, मधे थर्माकोल आणि वर रबराचं कातडं, एवढाच माझा देह. मग माझ्यात भोकं पाडली. एक हवेच्या झरोक्यासाठी, एक अँटेनासाठी, एक शेगडीचा धूर जायला. प्रत्येक भोकाच्या कडेला सीलंटची जाड रेघ ओढली. त्या रेघा म्हणजे माझा जीव. त्या धड आहेत तोवर मी छप्पर, नाहीतर नुसती चाळण.

पहिल्या मालकाने मला घेऊन दोन सहली केल्या आणि कंटाळून उन्हात उभं करून ठेवलं. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दुसरा आला तो ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्यांच्या बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्याने आम्हाला विकत घेतलं आणि बायकोला म्हणाला, "आता मी चालवीन आणि तू खिडकीत बसशील. तिकीट नाही, घंटी नाही."

त्याचं कौतुक सांगायला बसलो तर तुम्ही उठून जाल. पण एक सांगतोच. दरवर्षी पावसाआधी तो शिडी लावून वर यायचा. फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकायचा, म्हणजे माझ्यावर भार येऊ नये. भेगाळलेलं जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, फडक्याने पुसायचा, मग खाली उतरून चहा प्यायचा. मी पुरता वाळेपर्यंत तो हात लावायचा नाही. मग नवं सीलंट, सांध्यावर चिकटपट्टी आणि सगळ्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात, एक आडवा, एक उभा.

हे सगळं चालू असताना त्याची बायको आत पलंगावर उताणी पडून लाकडी पळीच्या दांड्याने मला खालून ठोकत जायची. तो वरून ओरडायचा, "काय म्हणतोय?"

"टणक!" ती आतून ओरडायची. कुठे आवाज बसका आला तर, "अहो, इथं भद वाजतंय!" मग तो नेमका त्या जागी बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा. कळलं, असा त्याचा अर्थ. आयुष्यभर त्या दोघांचं फारसं गोड बोलणं मी ऐकलं नाही. कुरकुरच जास्त. पण ही ठोकाठोकी ऐकताना मला बरं वाटायचं. दोघांच्या मधे मी होतो आणि दोघांना माझी काळजी होती.

मग एके दिवशी स्टिअरिंगवरच त्याच्या छातीत कळ आली. गाडी त्याने नीट कडेला घेतली, ब्रेक लावला आणि गेला. त्यानंतर आम्ही कुठेच गेलो नाही.

मुलगा आला. कचेरीत साहेब आहे, बोलायला फार गोड. त्याने आईचं राहतं घर विकायला लावलं आणि स्वतःचा दुमजली बंगला उठवला. वर एक खोली आईची ठरली होती. ती आधी पाहुण्यांची झाली, मग व्यायामाची. "आई, तुला तुझी गाडी आहेच की," तो म्हणाला. "बाबांच्या आठवणीत राहशील. वर जिना चढायला नको." आईने मान हलवली. तिचं तसंच असतं, आधी मान हलते आणि मग डोळे भरतात.

बंगल्याच्या मागे, पाण्याची टाकी आणि भिंत यांच्या मधे आम्हाला उभं केलं. टायर बसले. शिडी माळीकाम करणारा घेऊन गेला, त्याने परत आणली नाही. मला कुणी खरवडलं नाही, पुसलं नाही. झरोक्याच्या कडेचं सीलंट आधी चिरलं, मग पापुद्र्यासारखं सुटलं. पाणी आत शिरलं. पलंगाच्या बरोबर वर माझ्या पोटाला तपकिरी डाग पडला. आईने खाली पातेलं ठेवलं. मुलाला एकदा सांगितलं, दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. तिने पलंगच सरकवून पाहिला, पण तो जमिनीला जोडलेला.

तरी तोवर बरं होतं. पाणी फटीतून यायचं तसं ऊन पडल्यावर फटीतून वाळायचंही. माझं जे वाटोळं झालं ते दुरुस्तीने.

बंगल्याच्या वरच्या सज्जातून मी दिसतो. काळे डाग, शेवाळ, झाडाचा कचरा. इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नाही. पण सुनेचे आईवडील राहायला यायचे होते आणि चहा सज्जात प्यायचा होता. मग मात्र मुलाच्या डोळ्यांत मी सलायला लागलो. व्याही काय म्हणतील!

एका सुट्टीच्या सकाळी तो कुठून तरी शिडी आणून रोलर आणि रंगाचा डबा घेऊन वर चढला. चार दिवस पाऊस पडून नुकतीच उघडीप झाली होती. माझं प्लायवूड आतून भिजून फुगलं होतं. सून कशीही असली तरी नजर बरी आहे तिची. ती खालून म्हणाली, "अहो, डब्यावर लिहिलंय, जागा कोरडी पाहिजे."

"वरून कोरडंच आहे की."

"पण आतून एकदा बघून तरी या."

"आतून कोण बघणार आहे?" तो म्हणाला.

आत आई होती. तिने हाक दिली, "बाळा, तुझे बाबा आधी जुनं खरवडून काढायचे रे."

"आई, बाबांच्या वेळचं सोड. हल्ली एका हातात काम होतं."

आणि रोलर फिरला. सुटलेल्या सीलंटवर, शेवाळावर, वाळक्या पानांवरसुद्धा. एक पान अजून माझ्या पाठीवर रंगाखाली आहे. आई आत उताणी पडली आणि सवयीने पळीचा दांडा घेऊन ठोकायला लागली. भद. भद. सगळीकडे भद. मी वाट बघत राहिलो. वरून दोनदा ठोकलं जाईल म्हणून तीही वाट बघत असावी.

"काय गं आई, काय पाहिजे?" मुलगा त्रासून ओरडला.

"काही नाही," ती म्हणाली आणि पळी ठेवून दिली.

व्याही आले. सज्जातून मला बघून म्हणाले, "वा! काय झकास ठेवलीय गाडी!" मुलगा ऊर फुगवून म्हणाला, "आईसाठी करावंच लागतं." विहीणबाईंना आत येऊन बघायची हौस आली. त्यांची पावलं ऐकताच आईने भराभर माझ्या पोटाला जुनी चादर टाचली, डाग झाकला जावा म्हणून.

"अगंबाई, छताला चादर?"

"ऊन येतं हो झरोक्यातून," आई म्हणाली. "डोळ्यांवर येतं."

मुलाची लाज तिने झाकली. माझी जखमही झाकली. मला तिचा राग आला, हे उघड सांगतो. इतकं कशाला झाकायचं?

आता माझी अवस्था अशी. झरोक्याजवळ रंगाला केसासारखी चीर गेलीय, तिच्यातून पाणी येतं. पण बाकी सगळीकडे रंगाचं झाकण बसलंय, त्यामुळे बाहेर जायला वाट नाही. आलेलं सगळं मी पोटात धरून बसतो. माझं लाकूड आता लाकूड राहिलेलं नाही. परवा आईने चादर बाजूला करून पळीऐवजी बोटानेच ठोकलं. आवाजच आला नाही. तिचं बोट माझ्यात रुतलं. तिने ते हळूच काढून घेतलं, पदराला पुसलं आणि चादर पुन्हा नीट टाचली.

तेवढ्यात सज्जातून मुलाने विचारलं, "आई, आता गळत नाही ना?"

"नाही रे बाळा."

त्याला ते खरं वाटतं, कारण वरून मी पांढराशुभ्र आहे. खरं काय ते मला माहीत आहे, पण मला ते सांगण्याचा एकच मार्ग आहे. खाली कोसळायचं. म्हणून मी स्वतःला धरून आहे, जमेल तितकं. कारण माझ्याखाली पलंग आहे, तो सरकत नाही, आणि त्याच्यावर ती उताणी पडलेली असते, कान वर लावून.

अरे बाळा, एकदा वर ये. रंगाचा डबा नको आणूस. नुसतं दोनदा ठोक.