बेंदराचा तांबडा

ट्रंकेचं झाकण उघडलं आणि संयोगिताच्या नाकात पहिल्यांदा रंगाचा वास शिरला. ऑइलपेंटचा, घशात जाऊन बसणारा. ती दचकली. जुन्या कागदाला असा वास येत नाही. त्याला डांबरगोळीचा, ओल्या भिंतीचा, फार तर झुरळांचा वास येतो.

ट्रंक हंबीरराव पेंटरची. हंबीरराव जाऊन बरीच वर्षं झाली. गारगोटीच्या बाजारामागं त्यांचं घर, तिथं आता त्यांचा मुलगा बाळासो, सून आणि म्हातारी बायको बयाबाई राहतात. संयोगिता कोल्हापुरात एका शाळेत चित्रकला शिकवते, आणि उरलेल्या वेळात मेलेल्या चित्रकारांची पेन्सिलीतली रेखाटनं गोळा करत घरोघर हिंडते. लोक तिला येडी म्हणतात. म्हणोत. आमचं कोल्हापूर स्वतःला कलापूर म्हणवून घेतं, छाती फुगवून. पण कुठल्याही चित्रकाराच्या घरात जा. सोनेरी चौकटीतलं तैलचित्र दिवाणखान्यात मिरवत असतं, आणि ते काढायच्या आधी त्या माणसानं ज्या शेकडो कागदांवर हात घासला, ते कागद गेलेले असतात आंघोळीच्या बंबात. पेन्सिलीचं चित्र म्हणजे आमच्या लेखी अर्धं चित्र. रंग नाही तर किंमत नाही.

हंबीररावांनीही पोटासाठी रंगच विकला. साखर कारखान्यांचे चेअरमन रंगवले, चेअरमनच्या बायका रंगवल्या, सिनेमाची बॅनरं रंगवली. घरी मात्र पोस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं एकच बाई काढली. स्वतःची बायको. भाकरी थापताना, केस विंचरताना, उंबऱ्यात बसून वाटेकडं बघताना. संयोगितानं ते कागद पहिल्यांदा उजेडाला धरले तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. त्यातही एक कागद सगळ्यांत वरचढ. कुशीवर आडवी झालेली बयाबाई. मानेपासून निघालेली रेषा खांद्यावरून पाठीवर उतरते, एका दमात, कुठं खोडरबर नाही, आणि कमरेपाशी येऊन अचानक सुटते. पुढं कोरा कागद.

त्या सुटलेल्या रेषेवर संयोगिता तासभर बोलायची. पुण्यात बोलली, सांगलीत बोलली. बायकोची झोप मोडू नये म्हणून नवऱ्यानं हात आवरला, म्हणायची. न काढलेल्या जागेत केवढी माया आहे बघा, म्हणायची. ऐकणारे माना डोलवायचे. चित्राचं नावही तिनंच ठेवलं होतं, ‘निवांत’. येत्या रविवारी कोल्हापुरात प्रदर्शन होतं, हंबीररावांच्या रेखाटनांचं पहिलं. निमंत्रणपत्रिकेवर हेच चित्र छापलेलं. एक पत्रिका तिनं आठवणीनं गारगोटीला धाडली होती. आणि आज ती चित्रं न्यायला आली होती.

ट्रंकेत सगळ्यांत वर तोच कागद होता. कमरेच्या वर होता तसा. कमरेच्या खाली तांबडा.

दाट, ढळढळीत ऑइलपेंट. रुंद ब्रशनं फासलेला, मांड्यांच्या जागेवरून पायांच्या जागेवर ओघळलेला, कागदाच्या कडेपर्यंत पोचलेला. संयोगितानं बोट लावलं. बोट चिकटलं. ती ट्रंकेशेजारी फरशीवर बसली.

बाळासो दारातच उभा होता, मान खाली घालून. दोन दिवसांमागं त्याला कळलं होतं, पण फोन करायला धीर झाला नव्हता. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून डब्यात रंग उरला होता, तो आईनं गोठ्यातनं उचलला, बाकी कुणाला पत्ता नाही, असं तो पुटपुटत सांगत राहिला. आईचं वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं, रॉकेलनं निघतोय का बघूया. रॉकेल ऐकल्यावर संयोगिता भडकली. काय घालवलंय कळतंय का तुम्हाला, म्हणून ओरडली. शेजारची बाई भिंतीवरनं डोकावून गेली. संयोगितानं बाळासोला नाही नाही ते ऐकवलं.

बयाबाई घरामागच्या परड्यात शेंगा फोडत बसली होती. ओरडणं तिला ऐकू गेलं नसेल असं नाही, पण तिचा हात थांबला नव्हता. नखांत तांबडा रंग तसाच होता.

“काकी, का केलंत हे?”

बयाबाईनं आधी विचारलं, चहा झाला का. मग बाजूला सरकून पोत्यावर जागा करून दिली. मग म्हणाली, “त्या पत्रिकंवर निवांत कुणी लिवलं? सुनंनं वाचून दावलं मला.”

“मी.”

“कशावरनं?”

संयोगिताला दहा वेळा सांगून पाठ झालेलं होतं. तिनं सांगितलं. झोप, पाठीची रेषा, आवरलेला हात, कोऱ्या जागेतली माया. सांगता सांगता तिचाच आवाज तिला खोटा वाटायला लागला, कारण म्हातारी तिच्याकडं एखाद्या चुकलेल्या पावण्याकडं बघावं तशी बघत होती.

“निजले न्हवते मी,” बयाबाई म्हणाली. “पाचवा म्हयना हुता. पोटातलं पडलं. सकाळधरनं रगत थांबत न्हवतं. सासू रानात गेलती. ह्यो आला, दारातनंच बघितलं. म्हणला, हालू नगंस. मला वाटलं डाक्टरला आणाया निघाला. मी व्हय म्हणलं आन् पडून ऱ्हायले. मग पेन्सिल तासल्याचा आवाज आला.”

शेंगा फोडायचा हात आता थांबला.

“मग?” संयोगितानं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

“मग काय. काढलं. कमरंपातूर आला आन् सासू दारात. ती किंचाळली तवा उठला.”

पुण्यातल्या हॉलमध्ये पडद्यावर ती रेषा मोठी करून जिथं तिनं काठी टेकवली होती, जिथं माया आहे म्हणून सांगितलं होतं, तिथं एक सासू किंचाळली होती. एवढंच होतं तिथं. आणि जिला ती कोरी जागा म्हणत होती, ती कोरी नव्हतीच. ती भिजलेली होती. कागदावर ती ओल तेवढी उतरली नव्हती. कितीदा आली असेल संयोगिता या घरात. हंबीरराव कुठली पेन्सिल वापरायचे, कुठल्या उजेडात बसायचे, कागद कुठनं आणायचे, सगळं खोदून खोदून विचारलं. ज्या बाईला काढलं ती समोर बसलेली, जितीजागती. तिला एकदाही विचारलं नाही, तुला काय होत होतं म्हणून.

“तुमी लोकं यायची, कागद उजेडाला धरायची, व्वा व्वा करायची,” बयाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच ऐकवत नव्हतं. “मी चा टाकायची. ट्रंकंत हुतं तवर गप हुते. आता गावभर निवांत म्हणून वाटलंसा. त्यानं ऱ्हायलं ठेवलं हुतं ते म्या पुरं केलं. दुसरं काय केलं न्हाय.”

मागच्या दारात बाळासो उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आईचं डोकं फिरलंय म्हणणारा तो माणूस चौकटीला धरून खाली बसला. बापाचा हार घातलेला फोटो त्याच्या मागं भिंतीवर होता आणि बाजारातल्या चौकाला बापाचं नाव मिळावं म्हणून त्यानं पंचायतीत चपला झिजवल्या होत्या. मग तो म्हणाला, “बाई, हे न्हेऊ नका. तुमच्याकडं मोबाइलात फोटो हाय की आधीचा. त्योच मोठा करून लावा. ह्ये मी बंबात घालतो. कुणाला कळतंय?”

कुणालाच कळलं नसतं. हे संयोगितालाही लगेच उमगलं, आणि उमगलं याचीच तिला शिसारी आली. फोटो होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुंबईचे संग्राहक येणार होते, पेपरवाले येणार होते, भाषण तयार होतं. कागद जळला असता, निवांत निवांतच राहिलं असतं, आणि हंबीरराव पेंटर बायकोवर जीव टाकणारा माणूस म्हणून रविवारी नव्यानं जन्माला आला असता. आयुष्यातलं एवढं एकच काम संयोगिताला नावावर लावायचं होतं.

“तुजं तू बग,” बयाबाई म्हणाली. “लावायचं आसंल तर ह्योच कागद लाव, हाय तसा. न्हायतर एकबी न्हेऊ नगंस.”

“आये, बापाची अब्रू हाय ती,” बाळासो म्हणाला.

“माजं रगत हाय,” म्हातारी म्हणाली, आणि परत शेंगा घेतल्या.

संयोगितानं कागद मांडीवर घेतला. तांबड्याच्या वरची रेषा अजून देखणी होती. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, एका दमात. इतकं कळल्यावर ती रेषा खोटी दिसायला हवी होती, हात भेकड दिसायला हवा होता. तसं काही झालं नाही. बायको मरायला टेकलेली असताना त्या माणसाचा हात जरासुद्धा कापला नव्हता. संयोगितानं नजर काढली नाही.

मग ती उठली. बाकीचे कागद एकेक करून पातळ कागदात गुंडाळले, फायलीत घातले. बाळासोनं हात लावला नाही, अडवलंही नाही. तांबडा कागद फायलीत जाईना. रंग ओला, ज्याला टेकेल त्याला चिकटणार. तो उघडाच न्यावा लागणार होता. सुनेनं आतनं एक पुठ्ठा आणून दिला. बयाबाईच्या पाया पडावं असं संयोगिताच्या मनात आलं, पण ते नाटक झालं असतं. ती नुसती येते म्हणाली. म्हातारीनं मान हलवली.

कोल्हापूरच्या एस्टीत गर्दी होती. संयोगिताला खिडकीजवळ जागा मिळाली. पुठ्ठा मांडीवर, कागद वर तोंड करून. येणारा-जाणारा बघायचा आणि नजर वळवायचा. शेजारी कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन एक बाई बसली, पन्नाशीची. ती मात्र बघत राहिली. गाडीनं गाव सोडलं तरी बघत होती.

“बाळंतपणात गेली का वो ही?” तिनं विचारलं.

“नाही. जगली.”

“जवळ कोण न्हवतं का काय तिच्या?”

“नवरा होता.”

“मग त्यो काय करत हुता?”

संयोगितानं पाठीच्या रेषेवर बोट ठेवलं. “हे काढत होता.”

बाईनं कागदाकडं बघायचं थांबवलं, आणि ती संयोगिताकडं बघायला लागली.