प्रयोग मी स्वतः केले आहेत

गुरुवारी दुपारी दोन ते चार भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक असे. सहाव्या टेबलाशी चार विद्यार्थी उभे राहत, तीन मुलगे आणि एक मुलगी. कोणी काय करायचे हे पहिल्याच गुरुवारी ठरून गेले होते आणि ते ठरवताना कोणी कोणाला विचारलेही नव्हते. मुलांनी उपकरण उचलले, मुलीने पेन. तिचे अक्षर देखणे होते, एवढे कारण सर्वांना पुरले. तिलाही पुरले. गटात तिला कारकूनबाई म्हणत आणि ती हसून ओ देत असे.

त्या दिवशी तारेचा व्यास मोजायचा होता. लंबू नावाने ओळखला जाणारा मुलगा स्क्रू गेजमध्ये तार धरून आकडे सांगत होता.

"एक पूर्णांक सव्वीस. लिही. दुसरं रीडिंग, एक पूर्णांक सव्वीस. तिसरंही तेच."

"तिसरं घेतलंस कधी? तार तर केव्हाच खाली ठेवलीस."

"मग काय झालं? तार रबराची आहे का, मिनिटामिनिटाला जाड-बारीक व्हायला?"

"मला एकदा बघू दे ना."

"तू कशाला बघतेस? आमचं अक्षर बघून सरांना चक्कर येते, म्हणून तू आहेस. लिही मुकाट्याने."

बाकीचे दोघे हसले. तिने तिसऱ्यांदा एक पूर्णांक सव्वीस लिहिले. रविवारी घरी बसून चौघांची जर्नले तीच उतरवीत असे; चार वह्या, चार नावे, अक्षर एकच. सर चारही वह्यांवर सही करीत आणि त्यांना त्यात काही वावगे दिसत नसे.

तास संपताना सरांनी सांगितले, की या वर्षी बाहेरचे परीक्षक येणार असून उपकरण प्रत्येकाने एकट्याने हाताळायचे आहे.

मुलगी घरी आली. एका कारखान्याच्या चाचणी विभागात उमेदवारीची जागा होती आणि वडिलांनी निक्षून सांगितले होते, "पास झालीस तर जा. नाही तर घरात ताईला मदत लागतेच आहे."

ताई पाच वर्षांपूर्वी त्याच महाविद्यालयात शिकलेली. तिची जर्नले आईने कपाटात जपून ठेवली होती. प्रत्येकावर 'उत्कृष्ट' असा शेरा. ती प्रात्यक्षिकात नापास झाली तेव्हा तिचे नशीब, असे सगळे म्हणाले आणि विषय मिटला. त्या संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या करीत होती. धाकटीने वडिलांचा मायक्रोमीटर, म्हणजे कारखान्यातला स्क्रू गेजच, पेटीतून काढून तिच्यापुढे धरला.

"ताई, हे वापरायचं कसं, दाखव ना."

ताईने तो तापलेल्या भांड्यासारखा दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी धरला. शिवणाची सुई मध्ये ठेवून तिने भलताच भाग पिळला. सुई तिरपी होऊन निसटली.

"टकटक आवाज आला की थांबायचं, असं लिहिलेलं असतं," ती म्हणाली. "पण तो आवाज कुठून येतो, ते मला नाही माहीत."

"तुझ्या जर्नलवर तर उत्कृष्ट आहे."

"ते अक्षराला आहे गं." ताईने एक घडी मोडून पुन्हा घातली. "परीक्षेत तार माझ्या हातातून तीनदा पडली. परीक्षक म्हणाले, घाबरू नका. मी घाबरले नव्हते. मला येत नव्हतं."

एवढ्यात वडील आले. ते कारखान्यात माप-तपासनीस होते. त्यांनी मायक्रोमीटर काढून घेतला आणि फडक्याने पुसला. "खेळणं आहे का हे? बोटांचा घाम लागतो त्याला."

पुढच्या गुरुवारी धाकटीने सरांकडे अर्धा तास मागितला, एकटीने उपकरण हाताळायला.

"आधी जर्नल पुरं करा," सर म्हणाले. "शेवटच्या पानावर सही करून द्या. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही."

शेवटच्या पानावर छापलेले होते: 'या वहीतील सर्व प्रयोग मी स्वतः केले आहेत.' त्याखाली सहीची रेघ. हे वाक्य तिने यापूर्वी शंभरदा पाहिले असेल. वाचले मात्र त्या दिवशी. तिने 'केले' या शब्दावर एक रेघ ओढली, त्यावर 'लिहिले' असा शब्द घातला आणि सही केली.

सरांनी वही परत सारली. "हा आगाऊपणा कशासाठी? त्या तिघांनी केलीच ना सही?"

"त्यांनी लिहिलं नाही सर आणि मी केलं नाही. न घेतलेली रीडिंगही त्यात आहेत. चौघांच्याही सह्या खोट्या ठरतील."

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणे गेले. सरांच्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी ते पान वाचले.

"एक शब्द बदलायचा. एवढंच ना?" ते मुलीला म्हणाले.

"बाबा, न मोजता माप लिहिलंय का तुम्ही कधी?"

"कारखान्याची गोष्ट वेगळी. तिथे माणसं मरतात." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. "इथे कोण मरतंय?"

 तिने शब्द बदलला नाही. परीक्षार्थींच्या यादीत तिचे नाव आले नाही. सहाव्या टेबलाचे तिन्ही मुलगे उत्तीर्ण झाले आणि चाचणी विभागातील जागा लंबूला मिळाली. घरी वडिलांनी दोन महिने तिच्याशी बोलणे टाकले. फेरप्रवेशाच्या अर्जावर त्यांनी सही केली, ती ताईने अर्ज ताटाशेजारी ठेवला आणि त्यांची सही होईपर्यंत वाढले नाही म्हणून.

नव्या वर्षाच्या पहिल्या गुरुवारी ती पुन्हा टेबलाशी उभी राहिली. सोबत दोन अनोळखी मुलगे आणि एक मुलगी, तिच्याहून वर्षाने लहान. सरांनी उपकरणे वाटली, पण कोणी काय करायचे ते सांगितले नाही. तरी त्या लहान मुलीने वही उघडून समास आखला होता आणि पेनाचे टोपण काढले होते.

"मी लिहिते," ती म्हणाली. "माझं अक्षर बरं आहे."

एका मुलाचा हात उपकरणाकडे गेला होता. त्याच्याआधी हिने ते उचलले आणि त्या मुलीच्या तळहातावर ठेवले.

ती लहान मुलगी दचकली. "अहो, मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं असं लिहू. आधी धर."